डॉर्मच्या मूव्ह-इनसाठी आयकियाची निळी फ्राक्टा: किती घ्याव्यात, काय भरावं, काय अजिबात भरू नये

अमेरिकेत मुलाला किंवा मुलीला कॉलेजच्या डॉर्मवर (वसतिगृहात) सोडायचा दिवस, म्हणजे मूव्ह-इन, बहुधा ऑगस्टच्या ऐन उकाड्यात येतो. कॉलेज वेळ ठरवून देतं, त्या वेळेला इमारतीसमोर गाडी लावायची, सगळं सामान फुटपाथवर उतरवायचं आणि गाडी लगेच लांबच्या पार्किंगला न्यायची. गाडी रिकामी करायला बऱ्याच ठिकाणी जेमतेम वीस-तीस मिनिटं मिळतात, कारण मागे इतर पालकांच्या गाड्यांची रांग असते. काय काय आणायचं याची यादी कॉलेज पाठवतं, पण ते कशात भरायचं हे कोणी सांगत नाही. दिवस सुरळीत जाणार की चिडचिडीत, हे मात्र बरंचसं त्यावरच ठरतं.

या कामासाठी आयकियाची फ्राक्टा ही मोठी निळी पिशवी मला सगळ्यांत उजवी वाटते. एक पिशवी काही डॉलरांत येते. मापं ५५ × ३७ × ३५ सेंटिमीटर, म्हणजे ७१ लिटर. घर हलवताना वापरतात त्या खोक्यांच्या हिशेबात सांगायचं तर अडीच घनफूट: दीड घनफुटाच्या लहान खोक्यापेक्षा बरीच मोठी, तीन घनफुटांच्या मध्यम खोक्यापेक्षा थोडी लहान. कापड पॉलिप्रॉपिलीनचं आहे, ओल्या फडक्यानं पुसलं की स्वच्छ होतं. बंदांच्या दोन जोड्या असतात, आखूड हातात धरायला आणि लांब खांद्यावर अडकवायला. या लांब बंदांमुळेच ती इतर पर्यायांच्या पुढे जाते.

झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या टोटशी, म्हणजे सामानाच्या टणक पेटीशी, तुलना करून पाहा. सत्तावीस गॅलनचा टोट उचलायला दोन्ही हात लागतात आणि तो छातीसमोर आला की पायाखालची पायरी दिसत नाही. लिफ्टसमोर अर्ध्या तासाची रांग असेल तर माणसं जिन्यानंच निघतात, आणि तिथे टोट धोक्याचा ठरतो. फ्राक्टा खांद्याला असली की एक हात कठड्यावर राहतो, समोरचं दिसतं, आणि आपोआप बंद होणारे जड फायर-डोअर कोपरानं ढकलता येतात. शिवाय टोट रिकामा झाला तरी तेवढीच जागा अडवतो. दोघांच्या खोलीत पलंगाखाली जेमतेम जागा असताना चार रिकामे टोट ठेवायचे कुठे? फ्राक्टाच्या घड्या मात्र गादीखाली सरकवल्या तरी कळत नाहीत.

काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत कपडे भरून नेणारे पालक दर वर्षी दिसतात. पातळ प्लॅस्टिक हँगरच्या टोकानं फाटतं, आणि मूव्ह-इनच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये खोक्यांच्या कचऱ्याचे ढीग असतात, त्यात काळी पिशवी चुकून उचलली जाऊ शकते. तो पर्याय सोडून द्या.

आता वजन. आयकिया या पिशवीची मर्यादा २५ किलो, म्हणजे ५५ पौंड सांगते. ही मर्यादा पिशवीची आहे, खांद्याची नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढायचा असेल तर एका पिशवीत १० ते १२ किलोपेक्षा जास्त भरू नये. घरी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग पिशवी खांद्याला लावून. फरक म्हणजे पिशवीचं वजन. चादरी, टॉवेल, कपडे, उशा यांनी पिशवी गच्च भरली तरी सहसा या मर्यादेत राहते. पुस्तकांचं तसं नाही. ७१ लिटरची पिशवी पुस्तकांनी भरली तर वजन ४० किलोंच्या वर सहज जाईल, आणि तळ किंवा बंदाची शिलाई उसवली की सगळा ढीग पायऱ्यांवर. पुस्तकं, वह्या, पाण्याच्या बाटल्या आणि डबाबंद खाणं दीड घनफुटाच्या लहान खोक्यातच न्यावं.

दुसरी मर्यादा म्हणजे पिशवीचं तोंड उघडं असतं. याला सोपा उपाय आहे: वर घडी केलेली चादर किंवा पातळ रजई पसरा, कडा आत खोचा आणि आखूड बंद एकमेकांना दोरीनं बांधा. पावसाचा अंदाज असेल तर आत आधी तीस-तेहतीस गॅलनची कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घाला, सामान भरा आणि तिचं तोंड पिळून बांधा. लॅपटॉप, पासपोर्ट, विम्याचं कार्ड, औषधं आणि इमिग्रेशनची कागदपत्रं मात्र उघड्या पिशवीत कधीही नकोत. ती मुलाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये राहू द्या, आणि ती सॅक दिवसभर खाली ठेवायची नाही असं आधीच ठरवून घ्या.

लांब बंदांचा एक त्रासही आहे. पिशवी आखूड बंदांनी धरली की लांब बंद खाली लोंबतात, आणि ते कॉलेजनं दिलेल्या ढकलगाडीच्या चाकात, गाडीच्या दारात किंवा मागून येणाऱ्याच्या पायात अडकतात. खांद्यावर घ्यायची नसेल तेव्हा त्यांना सैल गाठ मारून ठेवा. दोन्ही खांद्यांना एकेक भरलेली पिशवी लावून खोलीच्या दारातून जायचा प्रयत्नही करू नका. दोन पिशव्यांची रुंदीच ७४ सेंटिमीटर होते, मध्ये माणूस. डॉर्मच्या खोलीचं दार साधारण ३६ इंची, म्हणजे ९१ सेंटिमीटर असतं. अशा वेळी आडवं होऊन शिरावं लागतं आणि दाराच्या कडीला पिशवी अडकते. एका फेरीत एक पिशवी खांद्याला आणि हातात उशी, दिवा असलं हलकं काही, हा हिशेब बरा.

खुणेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतो. त्या दिवशी फुटपाथवर तुमच्यासारख्याच शेकडो निळ्या पिशव्या असतात, बऱ्याचदा रूममेटकडेही त्याच. कागदाचं लेबल साध्या चिकटपट्टीनं पिशवीवर लावलं तर ते खोलीपर्यंत टिकत नाही, कारण पॉलिप्रॉपिलीनवर बहुतेक गोंद धड धरतच नाहीत. म्हणून रंगीत डक्ट टेप थेट बंदाभोवती गुंडाळा आणि टेप टेपवरच चिकटू द्या. त्यावर पक्क्या मार्करनं इमारतीचं नाव, खोली नंबर, आडनाव आणि ‘८ पैकी ३’ असा क्रमांक लिहा. अर्थात हे इंग्रजीत, कारण सामान उचलायला आलेले टी-शर्टवाले विद्यार्थी ते वाचून वर पोचवतात. एकूण संख्या लिहिली की खोलीत मोजणी एका नजरेत होते आणि काय राहिलं ते लगेच कळतं.

पिशवी क्रमांक १ गाडीत सगळ्यांत शेवटी ठेवायची, म्हणजे ती सगळ्यांत आधी बाहेर येईल. तिच्यात जंतुनाशक वाइप्स, पेपर टॉवेल, गादीचं कव्हर, चादर, कात्री, स्क्रूड्रायव्हर, रबरी हातोडी, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारा एक्स्टेन्शन बोर्ड) आणि कमांडचे, म्हणजे चिकटपट्टीनं भिंतीला लावायचे हूक. हातोडी यासाठी की बऱ्याच डॉर्मचे पलंग वर-खाली करता येतात, पण आडवी पट्टी खाचेतून निघायला ठोकावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. पलंगाची उंची आधी ठरवा. खाली ड्रॉवर बसतील की नाही, बाकीचं सामान कुठे जाईल, हे सगळं त्यावर अवलंबून असतं. सामानाची भिंत उभी राहिल्यावर पलंग हलवायला जागाच उरत नाही. हूकही लगेच लावून टाका: भिंत रबिंग अल्कोहोलनं पुसायची, पट्टी तीस सेकंद दाबायची आणि वजन एक तासानंतर लावायचं. उन्हाळ्यात खोलीला नवा रंग दिलेला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. त्या परिस्थितीत हूक मुलाच्या हवाली करून निघणं शहाणपणाचं.

बाकीच्या पिशव्या एकेका जागेच्या करा: एक पलंगाची, एक न्हाणीघराची, दोन कपड्यांच्या, एक टेबलाची. न्हाणीघराच्या पिशवीत तळाशी टणक प्लॅस्टिकची टोपली ठेवली तर पिशवी उभी राहते. नुसत्या मऊ सामानाची फ्राक्टा गाडीच्या डिकीत कलंडते आणि वरचं सामान बाहेर येतं. हँगरचे कपडे दहा-बारांच्या जुड्या करून रबरानं बांधा, हूक आतल्या बाजूला वळवा आणि जुडी मधोमध दुमडून ठेवा. हूक बाहेर राहिला तर तो विणीत घुसतो, आणि विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनला एकदा भोक पडलं की धागे सुटत जातात. मेमरी फोमचा टॉपर (गादीवर घालायचा मऊ थर) मात्र या पिशवीत कोंबू नका. तो दुकानातून गुंडाळून दाबलेला येतो तसाच खोक्यात न्या, कारण घरी उघडला तर परत दाबला जात नाही.

आपल्या घरांतून निघणारी एक पिशवी नेहमीच खाऊची असते, आणि ती असायलाच हवी. फक्त लोणच्याची बरणी आणि तूप थेट फ्राक्टात ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तूप वितळतं, तेल झाकणातून झिरपतं. कापड पुसलं जातं, शिलाईत मुरलेला वास जात नाही. घट्ट झाकणाच्या टणक डब्यात उभ्या ठेवा आणि तो डबा पिशवीत. चिवडा-लाडूंना अडचण नाही. राइस कुकर भरण्याआधी त्या इमारतीचे नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी त्याला परवानगी नसते आणि तपासणीत तो जप्त होऊ शकतो. समई, निरांजन, अगरबत्ती यांचंही तेच: डॉर्ममध्ये उघडी ज्योत चालत नाही आणि धुरानं अलार्म वाजला तर अख्खी इमारत रिकामी करतात. देवासमोर बॅटरीचा दिवा द्या.

विमानानं जाणार असाल तर ही उघडी पिशवी चेक-इनला उपयोगाची नाही. तरीही तीन-चार घड्या सूटकेसच्या तळाशी टाका. तिथे पोचल्यावर दुकानातून घेतलेलं सामान त्यांत भरता येतं आणि रिकाम्या सूटकेस पालकांबरोबर परत जातात, ही मोठी सोय. चेनवाल्या, पाठीवर घ्यायचे पट्टे असलेल्या मूव्हिंग बॅगचे संचही बाजारात मिळतात. त्या पूर्ण बंद होतात हे खरं, पण ठासून भरल्यावर पहिली तुटते ती चेन, आणि आकार मोठा असल्यामुळे ठासून भरायचा मोह होतोच.

किती घ्याव्यात? गाडीनं जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला आठ पुरतात. त्यातली शेवटची रिकामी न्या, आयत्या वेळी दुकानातून आणलेल्या वस्तूंसाठी. सगळ्या पिशव्या तुम्हीच उघडून लावू नका, असा माझा आग्रह आहे. पलंग घाला, क्रमांक १ रिकामी करा, खोलीच्या तपासणीचा फॉर्म भरताना भिंतीचे ओरखडे आणि गादीचे डाग यांचे फोटो मुलाला काढायला सांगा, आणि बाकीच्या पिशव्यांची जागा त्याला किंवा तिला ठरवू द्या. नंबर आणि जागेप्रमाणे भरलेलं असलं की संध्याकाळी ते काम तासाभरात होतं, आणि रूममेटबरोबर करताना ओळखही होते. आईवडिलांना तो वेळ कॅम्पसवर एकत्र जेवायला मिळतो.

निघताना दोन पिशव्या खोलीत ठेवा, बाकीच्या घडी घालून परत न्या. एक कपडे धुवायला नेण्यासाठी, साधारण दोन मशीनचे कपडे मावतात. पण ओला टॉवेल तिच्यात राहू द्यायचा नाही, या कापडातून हवा जात नाही आणि दुसऱ्याच दिवशी कुबट वास येतो. दुसरी थंडीच्या सुट्टीसाठी. घरी नेलेल्या पिशव्या अंगणात किंवा बाल्कनीत उन्हात पडू देऊ नका, उन्हानं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं. मे महिन्यात खोली रिकामी करायची असते, तेव्हा याच सगळ्या परत लागतात.