उघडे की सीलबंद: कन्व्हेयरच्या पुलीसाठी स्फेरिकल रोलर बेअरिंग

खनिज धुण्याच्या प्लांटमधील कन्व्हेयरच्या पुलीला 22220 मापाचे स्फेरिकल रोलर बेअरिंग (पिंपाच्या आकाराच्या रोलरांचे, शाफ्ट थोडा वाकडा चालला तरी सांभाळून घेणारे) उघडे घ्यावे की दोन्ही बाजूंनी सीलबंद, हा प्रश्न गोव्यात डिचोलीकडे काम करताना पावसाळ्याआधीच्या प्रत्येक शटडाऊनला माझ्यापुढे येत असे. दोन्ही वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. ज्यांची जागा आणि यंत्र वेगळे आहे, त्यांचे मत वेगळे असू शकेल.

भार पेलण्यात मला फरक जाणवला नाही. फरक आहे तो रुंदीत. बोअर (आतले भोक) 100 मिमी आणि बाहेरचा व्यास 180 मिमी तोच असला, तरी उघडे बेअरिंग 46 मिमी रुंद असते आणि सीलबंद 55 मिमी. प्लमर ब्लॉक (बेअरिंग ज्यात बसते ते घर) तोच चालतो, मात्र त्याच्या 70 मिमीच्या बैठकीत पूर्वी बेअरिंग जागेवर धरणाऱ्या 12 मिमीच्या दोन लोकेटिंग रिंगा बसत, तेथे आता 7.5 मिमीच्या लागतात. शिवाय लॉकनट सीलला घासू नये म्हणून शाफ्टवर बेअरिंग घट्ट धरणारा स्लीव्हही त्या बेअरिंगला जुळणाराच मागवावा लागतो. ऑर्डरमध्ये ही ओळ राहून गेल्याने आमचा फिटर एकदा नवे बेअरिंग हातात घेऊन अर्धा दिवस बसून होता.

उघड्याच्या बाजूने सांगायचे तर, बसवताना रोलर आणि बाहेरची रिंग यांमध्ये फिलर गेजची पातळ पट्टी सरकवून क्लिअरन्स (आतली मोकळीक) किती उरला हे कळते. सीलबंदात नट किती अंश फिरवला यावर विसंबावे लागते, आणि जुन्या फिटरांना ते सहजासहजी पटत नाही. शाफ्ट वाकडा चालला तर उघडे बेअरिंग दीड ते दोन अंश सहन करते; सीलबंदाला सुमारे अर्ध्या अंशाचीच मुभा आहे. त्यामुळे पाया खचलेल्या जुन्या सांगाड्यावर, तसेच तेलाच्या वंगणावर चालणाऱ्या क्रशरमध्ये, मी आजही उघडेच घेईन. किंमतही अर्थात सीलबंदाची जास्त.

तरीही माझे मत फिरले ते ग्रीस भरण्याच्या निपलमुळे. जूननंतर टेल पुलीखाली (कन्व्हेयरच्या शेपटाकडची पुली) तांबडा चिखल घोट्यापर्यंत साचतो, ब्लॉकचे निपल त्यात लिंपले जाते, आणि घाईत असलेला हेल्पर ते न पुसताच ग्रीस गन लावतो. निकामी झालेले एक बेअरिंग मी स्वतः उघडून पाहिले, तेव्हा ग्रीसमध्ये तांबड्या कणांची रेघ बाहेरच्या रिंगेवरील, ग्रीस जिथून आत येते त्या खाचेपासून थेट रोलरांपर्यंत गेलेली होती, तर ब्लॉकच्या सीलांजवळचे ग्रीस बऱ्यापैकी स्वच्छ होते. म्हणजे घाण बाहेरून शिरली नव्हती. देखभालीच्या नावाखाली ती आम्हीच आत भरत होतो. निपल पुसण्याची सूचना मी फलकावर लावली, तोंडी सांगितली, प्रसंगी रागावलोही, पण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास निम्मी माणसे गावी गेली की बदली हेल्परला ती सूचना ठाऊक नसे.

सीलबंद बेअरिंगमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. आमच्या टेल पुल्यांच्या गतीला आणि तापमानाला ते पुरते, असा निदान माझा अनुभव आहे. तेथील ब्लॉकांची निपले काढून मी प्लग मारले. त्या पहिल्या पावसात हेल्पर ग्रीस गन घेऊन चिखलात बराच वेळ निपल चाचपडत राहिला होता.