बोलेरो-थारला स्नॉर्कल: पैसे नळीला नाही, जोडाला द्या

जून जवळ आला की बेळगावातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत काळी स्नॉर्कलं, म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळ्या, टांगलेली दिसू लागतात. गिऱ्हाईक बहुतेक खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातलं, नाहीतर निपाणी-चिकोडीकडचं ऊसवालं. आधी निकाल सांगून टाकतो. फोर बाय फोर गाडी असेल आणि साचलेल्या पाण्यातून, शेतवाटेच्या ओढ्यातून ती वारंवार न्यावी लागत असेल तर स्नॉर्कल घ्या. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, वॅगन-आर यांच्यासाठी ते निव्वळ शोभेचं आहे. आणि कुठलंही किट घेतलं तरी त्याचं काम नळीपेक्षा बसवणाऱ्याच्या हातावर जास्त अवलंबून असतं.

इंजिनाला पाण्याचं एवढं वावडं का, ते आकड्यांत बघा. २.२ लिटरचं चार सिलिंडरांचं डिझेल इंजिन धरलं तर एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ५५० मिलि येतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १६-१७ असला की पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा जेमतेम ३५ मिलि. म्हणजे बाय-टू चहातल्या एका ग्लासाच्या निम्मी. तेवढ्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की ते दबत नाही, पिस्टन अडतो आणि मागून फ्लायव्हीलच्या जड चाकाचा रेटा चालूच असतो. मग पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. इंजिन आयडलवर असेल तर कधी कधी नुसतं बंद पडून निभावतं. रेस दिलेली असेल तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आता किटबद्दल. नक्कल आणि चांगला माल यांच्या किमतीत तीन-चार पट फरक असतो, आणि तो हाताला कळतो. चांगली नळी जाड पॉलिथिलीनची, उन्हाला टिकणारी असते. अंगठ्याने दाबली तर दबत नाही. हलकी नळी दोन उन्हाळ्यांत पांढुरकी पडते आणि ए-पिलरच्या (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) ब्रॅकेटपाशी तडकते. सगळ्यात आधी वरचं तोंड, म्हणजे रॅम हेड, उलटं करून बघा. पावसाचं पाणी बाहेर टाकण्यासाठी त्याच्या तळाशी फटी हव्यात. पुढे तोंड करून ऐंशीच्या वेगाने धो धो पावसात गाडी चालली की त्यात पाणी शिरतंच. ते भिंतीला लागून याच फटींतून गळून जातं. स्वस्त मालात या फटी नुसत्या उठावाच्या असतात, आरपार नसतात. तसं दिसलं तर किट तिथेच परत ठेवा. खोक्यातले क्लॅम्प पत्र्याचे असतील तर स्टेनलेसचे वेगळे आणा, खर्च फुटकळ आहे.

बसवायला चार ते सहा तास लागतात. दोन तासांत करून देतो म्हणणारा मेस्त्री सीलिंग टाळणार हे धरून चाला. फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, भोक पाडण्याआधी कागदी साचा चिकटवून, बोनेट आणि दार दोन्ही उघडून बघायला सांगा. साचा उलटा लागला तर नवा फेंडर आला. भोकाच्या कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग लावून, तो सुकल्यावरच रबर बसवायचं. आमगाव-कणकुंबीच्या पावसात उघडा पत्रा एका हंगामात गंजतो.

खरी मेख एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात आहे. कंपनीचा एअरबॉक्स पाण्याखाली राहण्यासाठी बनवलेलाच नसतो. त्याच्या तळाला पाणी निचरायला भोक किंवा बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते, बाजूला आवाज कमी करणारा रेझोनेटर असतो, आणि झाकणाची सील धुळीपुरती असते. नळी छतापर्यंत नेली आणि ही भोकं उघडी राहिली, तर इंजिन पाणी खालूनच ओढतं. भोकं बंद करायची, पण झडप चांगल्या प्रतीची एकेरी असेल तर ठेवायची. नाहीतर आत आलेलं पावसाचं पाणी फिल्टरच्या कागदाशी साचतं. जोडाला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं.

पैसे चुकते करण्याआधी एक चाचणी मागून घ्या. इंजिन आयडलवर ठेवून रॅम हेड काढायचं आणि नळीच्या तोंडावर जाड रबरी चटईचा तुकडा घट्ट धरायचा. जोड पक्के असतील तर इंजिन काही सेकंदांत गुदमरून बंद पडतं. चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून येते आहे, आणि पाणीही तिथूनच येणार. चाचणीच्या वेळी रेस द्यायची नाही, हात थेट तोंडावर ठेवायचा नाही. गॅरेजकडे धुराचं यंत्र असेल तर उत्तमच. गळती कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

स्नॉर्कलने गाडीची पाण्यात उतरायची हद्द मात्र आपोआप वाढत नाही. थारला कंपनीने ६५० मिमीची हद्द दिली आहे. फोर्स गुरखाला स्नॉर्कल कारखान्यातूनच येतं, तिथेही ती ७०० मिमीच आहे. कारण बाकीचं सामान खालीच असतं: अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर, क्लच, आणि ॲक्सलवरचं गरम डिफरन्शियल. ते थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा येण्या-जाण्याच्या बारीक तोंडातून, पाणी आत ओढलं जातं. म्हणून पुढच्या-मागच्या ॲक्सलचे, गिअरबॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) ब्रीदर पाइप बोनेटखाली उंचावर आणून बांधणं हे स्नॉर्कलच्याच कामात धरायला हवं. दुकानदार हे आपणहून बोलत नाहीत. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचं तेल दुधाळ दिसलं तर ते बदलायचंच.

आणि वाहतं पाणी. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे सखल पूल पाण्याखाली गेले, किंवा खानापूर-हेम्माडगा रस्त्यावर हालात्री नाला पुलावरून वाहू लागला, की तिथे स्नॉर्कलचा काडीचा उपयोग नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीची पकड सोडवतं, दोन फुटांत बोलेरोही सरकते. इंजिन चालू असताना वाहून जायचं, एवढाच फरक.

लहान गाडीवाल्यांना विकल्या जाणाऱ्या दोन वस्तूंबद्दल. फिल्टरवर चढवायचं पाणी न धरणारं कापड शिंतोडे अडवतं, बुडालेल्या तोंडात आलेलं पाणी अडवत नाही. आणि बंपरमागे खाली बसणारा उघडा कोन फिल्टर या भागात लावूच नये. तो हवेचं तोंड मूळ जागेहून खाली नेतो. त्यापेक्षा बोनेट उघडून मूळ तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचंच पाणी आपलं समजा. समोरून बस आली की तिची लाट उरलेलं अंतर भरून काढते. हे पैसे विम्याच्या इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑनला दिलेले बरे, कारण पाणी ओढून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. स्नॉर्कल बसवणार असाल तर तेही विमा कंपनीला आधी लेखी कळवा, आणि नव्या गाडीच्या वॉरंटीचं डीलरला विचारून घ्या.

पाण्यात गाडी बंद पडलीच तर किल्ली परत फिरवायची नाही. रॉड पुष्कळदा या दुसऱ्या स्टार्टलाच वाकतात, आणि ॲड-ऑनचा दावाही त्यावरच अडतो. बॅटरी काढा, गाडी फ्लॅटबेडवर उचला. गॅरेजने क्रमाने काय करावं तेही माहीत असू द्या. आधी फिल्टर बघायचा. कागद ओला असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग, पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग काढायचे. क्रँक पुलीला सॉकेट लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे, मगच इंधन तोडून स्टार्टरने पाणी उडवायचं. तेल आणि तेलाचा फिल्टर बदलायचा, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) काढून उलटा धरायचा, कारण त्यात राहिलेलं पाणी पुढच्या रेसला आत जातं. शेवटी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचं. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांहून स्पष्ट कमी आला तर त्या पिस्टनची वरची उंची मोजायला लावा. मिलिमीटरभर खाली असेल तर रॉड वाकला आहे, मग इंजिन कितीही गोड चालो. असा रॉड हजारेक किलोमीटर चालून रस्त्यात तुटतो.

पाऊस संपल्यावर स्नॉर्कल नुसतं बसून राहत नाही. कारखाने सुरू होऊन रायबाग-अथणीकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की बोनेटच्या उंचीवर धूळच धूळ असते. छताजवळून हवा घेणाऱ्या गाडीचा फिल्टर त्या मानाने स्वच्छ निघतो. तेव्हा रॅम हेड मागे वळवा, क्लॅम्प पुन्हा आवळा, आणि एअरबॉक्सच्या झडपेत पावसाळ्यातला चिखल सुकून ती उघडी अडकली नाही ना, ते बोट घालून बघा.