एफझेड-२०० ला १.७ पट टेली लेन्स: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

लेन्स न निघणारा कॅमेरा आणि पक्ष्यांचं वेड, दोन्ही असतील तर कॅमेऱ्याच्या लेन्सपुढं लावायची, लांबचं जवळ आणणारी टेली लेन्स जरूर घ्या. सगळे ती किती पट मोठं दाखवते ते बघून घेतात. मी म्हणेन, उजेडासाठी घ्या.

पॅनासॉनिक एफझेड-२०० चं झूम २५ ते ६०० मिमीच्या बरोबरीचं. त्यावर कंपनीचीच १.७ पटीची एलटी-५५ लावली की ६०० चे १०२० होतात. डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात, बॉडी आणि लेन्सच्या मध्ये २ पट कन्व्हर्टर घातला तर दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. ही लेन्स मात्र पुढं बसून दुर्बिणीसारखी काम करते, त्यामुळं कॅमेऱ्याचं एफ २.८ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितका उजेड जास्त) पूर्ण झूमलाही जवळजवळ तसंच राहतं. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना सकाळी सातला झाडाखाली उजेड किती असतो, ते त्या रस्त्यानं गेलेल्यांना ठाऊक आहे. तिथं आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४०० च्या वर नेला की एवढ्याशा सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) पिसं मेणासारखी चोपडी होतात. धनेश फांदीवर निवांत बसलेला असला तर ४०० वर काम भागतं आणि चोचीवरचं शिंग रेषांसकट येतं. हा फोटो मला नुसत्या ६०० वर कधी मिळाला नव्हता.

लेन्स थेट झूमच्या नळीवर बसवायची नाही. एलए-७ ही अडॅप्टरची नळी बॉडीच्या बाजूच्या आट्यांवर बसते, झूम तिच्या आत पुढं-मागं होतं आणि मोटरवर भार येत नाही. झूम मागं घेतलं की कोपरे काळे होतात, म्हणजे गावच्या जत्रेला ही लेन्स काढूनच ठेवायची.

उजळ आभाळासमोरच्या गडद कडेला जांभळी किनार येते. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडावरचा शिवरायांचा पुतळा टिपताना ती स्पष्ट दिसली. एफ ४ वर ती कमी होते, पण फार पुढं जाऊ नका. छोट्या सेन्सरवर एफ ८ ला चित्रच मऊ पडतं. मित्राकडची बाजारातली स्वस्त २.२ पटीची लेन्सही लावून बघितली. मधला भाग बरा, कडा पार धुरकट.

उन्हाळ्यात बेळगावजवळच्या राकसकोपच्या तलावावर खरी गोची होते. पाणी मागं सरकतं, हळदी-कुंकू बदकं पलीकडच्या काठाला जातात आणि नऊनंतर तापलेली हवा थरथरायला लागते. तिथं कुठलीच लेन्स उपयोगाची नाही. तिथल्या एका शेतकरी मामांनी विचारलं, "काय वो सर, यातनं चंद्र दिसतोय काय?" संध्याकाळी त्यांना चंद्रावरचे खड्डे दाखवले. त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाक मारली आणि पोरं एकेक करून डोळा लावत राहिली. मला फार बरं वाटलं.

हातात धरून १०२० वर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवतो. ट्रायपॉडपेक्षा तांदळाची छोटी पिशवी बांधावर टाकून त्यावर कॅमेरा टेकवणं मला जमतं. दुचाकीवर नेण्याचंही ओझं नाही.

खानापूरकडच्या पावसात बुरशीची भीती मोठी. घरी आल्यावर लेन्स आणि नळी वेगळी करून पुसतो, आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. दोन्ही जोडलेल्या तशाच पिशवीत ठेवल्या तर आतली दमट हवा तिथंच कोंडते.

फुलपाखरांची हौस असेल तर मात्र या टेली लेन्सच्या वाटेला जाऊ नका. जवळचं फोकस होत नाही, त्यासाठी क्लोज-अप लेन्स घ्यावी.