कॉर्ग एमए-१ मेट्रोनोम: ऑफबीटची प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी लै कामाची डबी

सरळ मुद्द्यावर येतो. ड्रमवर सिंकोपेशन, म्हणजे ऑफबीटचे आडवे ठोके, पक्कं करायचं असेल आणि फोनवरच्या अॅपला वैतागला असाल तर हा कॉर्गचा छोटा मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगानं टक्-टक् क्लिक देणारं यंत्र, घ्याच. मी सोलापुरात ऑर्केस्ट्रात ड्रमकिट वाजवतो, लग्नसराईत हाताला उसंत नसते, घरी पोरंपण येतात शिकायला, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी हीच डबी चालू असते. इथल्या दुकानांत तबला, ढोलकी, हार्मोनियम पटकन मिळतं पण मेट्रोनोम क्वचितच दिसतो म्हणून मी ऑनलाइन मागवला.

डबी खिशात मावते, ट्रिपल-एचे दोन सेल, इअरफोनची साधी पिन, टेम्पो मिनिटाला ३० ते २५२ ठोके. टेम्पो एकेक आकड्यानं वाढवता येतो, बटण टॅप करून धरता येतो, नाहीतर जुन्या चावीच्या मेट्रोनोमसारखा ६०, ६३, ६६, ६९, ७२, ७६ असा टप्प्यानं. मी प्रॅक्टिसला टप्प्याचीच पद्धत वापरतो, कारण ६० वरून ६३ आणि १२० वरून १२६ ही दोन्ही वाढ हाताला सारखीच जाणवते, एकेकानं वाढवत बसलं तर वरच्या टेम्पोत काही फरकच कळत नाही.

"अॅप फुकट असताना पैसे कशाला घालालास बे" असं आमच्या कीबोर्डवाल्यानं विचारलेलं. अॅप वाईट नाहीत, पण फोन समोर आला की मेसेज आला, कॉल आला, क्लिक बंद पडला आणि लागलेली लय गेली. डबीला दुसरं कामच नाही.

आता खरी गोष्ट. सिंकोपेशन म्हणजे वजन जिथं पडेल असं कानाला वाटतं तिथं न देता शेजारच्या कमजोर जागेवर द्यायचं, म्हणजे एका ठोक्याचे चार भाग वन-ई-अँड-अ असे मोजले तर त्यातल्या 'अँड'वर किंवा 'अ'वर. सरळ ठेक्यात काठी बरोबर क्लिकवर पडली की क्लिक ऐकूच येत नाही, गिळला जातो, तीच आपली खूण. पण सिंकोपेटेड ठेक्यात क्लिक येतो वन-टू-थ्री-फोरवर आणि किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) पडते 'अ'वर, म्हणजे जिथं तपासायचं तिथं मशीन गप्प. त्यात गंमत अशी की पोरांचा 'अ' बऱ्याचदा बरोबर असतो, तो मारून झाल्यावर पुढचा ठोका लवकर येतो कारण पायाला समेवर यायची घाई झालेली असते, आणि मग लय पळते.

ह्या डबीत एक मोड आहे, एका ठोक्याचे चार भाग करून मधले दोन गाळतो, फक्त पहिला आणि चौथा वाजवतो. टक्, दोन जागा रिकाम्या, टक्-टक्, परत दोन रिकाम्या, टक्-टक्. म्हणजे 'अ' कानात आयता येतो आणि त्याच्या पुढचा ठोकापण येतो. टेम्पो ६० ला ह्या दोघांत बरोबर पाव सेकंद असतं, ते पाव सेकंद खायचं नाही, बास एवढंच काम. मी पोरांना आधी हायहॅट (झांजांची जोडी) बंद करायला लावतो, नुसती किक आणि स्नेअर (समोरचा काठीनं वाजणारा ड्रम). किक वनवर, मग त्याच वनच्या 'अ'वर, स्नेअर टूवर, किक थ्रीच्या 'अँड'वर, स्नेअर फोरवर. वन, वनचा 'अ', टू आणि फोर हे क्लिक गिळले गेले पाहिजेत. बाकीचे क्लिक ऐकू येणारच, ते येऊ द्यात. हे बसल्यावरच हायहॅट आणायची, आणि ती आणली की बघा, जिथं किक येते तिथं हायहॅटपण जोरात लागते, उजवा हात पायाच्या मागं जातो. तो हात वेगळा काढणं हे सगळ्यात चिकाटीचं काम आहे आणि घोस्ट नोटा (मधले अगदी दबके ठोके) त्याच्यानंतरच, आधी नाही.

थ्रीच्या 'अँड'चं काय, तिथं तर क्लिक नाही. त्याला उपाय वेगळा. बीट शून्यावर ठेवायचं म्हणजे वनची वेगळी टिंग येत नाही, सगळे ठोके सारखे, आणि मग प्रत्येक क्लिकला तोंडानं 'अँड' म्हणायचं, वन-टू-थ्री-फोर आपण मधल्या रिकाम्या जागेत पायानं धरायचं. पहिल्यांदा डोकं फिरतं, दोन मिनिटांत कान उलटतो आणि तोच क्लिक परत वन वाटायला लागतो. वाटला की थांबायचं, परत 'अँड' म्हणत सुरू करायचं. ऑफबीट अंगात आहे की नुसता पाठ आहे ते इथं लगेच कळतं.

तीन भागांतला मधला गाळणारा मोडपण आहे, शफलसाठी आणि कोळीगीताच्या झुलत्या ठेक्यासाठी मस्त. पण माझा सगळ्यात आवडता क्लेव्ह. क्युबन संगीताचा हा पाच ठोक्यांचा कणा, सोळा भाग मोजले तर १, ४, ७, ११, १३ वर पडतो, हा झाला तीन-दोनचा सोन क्लेव्ह. रुंबा क्लेव्हमध्ये तिसरा ठोका ७ च्या ऐवजी ८ वर जातो, एवढ्याशा सरकण्यानं चालच बदलते. इथं कामाची उलटापालट होते, मशीन आडवं वाजवतं आणि आपण सरळ चालायचं, पायानं चार मात्रा, हातानं सोळा एकसारखे. साध्या क्लिकवर बेधडक वाजवणारे इथं अडखळतात, मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण स्टेजवर ढोलकी-ऑक्टोपॅडवाले आडवं घेतात तेव्हा ड्रमवाल्याला हेच करावं लागतं.

टेम्पो ३० च्या खाली जात नाही हे लक्षात ठेवा. १२० च्या गाण्याला ३० लावला की बारमध्ये (चार ठोक्यांच्या एका फेरीत) एकच क्लिक, वनवर, बाकी सगळं आपल्या भरवशावर, ही परीक्षा मस्त आहे. पण १०० च्या गाण्याला २५ पाहिजे, ते इथं होणार नाही, मग ५० लावून टू आणि फोरवर क्लिक धरा. दोन बार क्लिक, दोन बार शांतता असली सोय पाहिजे असेल तर त्यासाठी अॅपच बघा. आणि तबल्याच्या विद्यार्थ्यांनी लेहऱ्याच्या (तालाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेच्या) जागी हे घेऊ नये, लेहऱ्यात सम कुठंय ते सुरावरून कळतं, इथं नुसता ठोका.

आमच्या लेझीम मंडळातला हलगीवाला म्हणतो मशीननं हलगी मरते. मिरवणुकीपुरतं त्याचं शंभर टक्के खरं आहे, डाव रंगतो तशी लय चढलीच पाहिजे, तिथं क्लिक आणायचाच नाही. पण एकट्यानं बसून आडव्या ठोक्याचं वजन तपासायला त्यानंसुद्धा ही डबी मागून नेली, आणि त्याचे बारीक काडीचे ठोके असे काही मोकळे लागायला लागले की लेझीमवाल्या पोरांनीच विचारलं, काय केलंस म्हणून.

आवाजाचं सांगतो. ड्रमकिटसमोर खिशातल्या कुठल्याच मेट्रोनोमचा स्पीकर टिकत नाही, त्यात आमच्या गल्लीत शेजारी यंत्रमाग चालू असले की पॅडवरपण क्लिक शोधावा लागतो. इअरफोन लावा, पण आवाज फुल्ल करू नका, कान परत मिळत नाहीत. वरून कारखान्यात घालतात तसले इअरमफ चढवा, ड्रमचा आवाज बाहेर राहतो आणि क्लिक कमी आवाजातपण स्वच्छ येतो. शिकवत असाल तर इअरफोनच्या पिनेला स्प्लिटर लावा, एक जोडी पोराला, एक आपल्याला, मग त्याचा क्लिक कुठं गिळला जातोय आणि कुठं बाहेर राहतोय ते तिथल्या तिथं दोघांनापण ऐकू येतं.