सत्तरीनंतर स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढली. आता रेडिएशनचा शेक घ्यायचा की नुसती गोळी?

आई ७४ वर्षांची. गाठ दीड सेंटीमीटरची, उजवीकडे. काखेत काही पसरलेलं नाही, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी. स्तन राखून गाठ तेवढी काढली. पुढे रेडिएशन आणि हार्मोनची गोळी, की नुसती गोळी? डॉक्टर म्हणाले, दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा. ऐकताना बरं वाटलं, रात्री झोप लागली नाही.

आकडे पाहिले. ‘प्राइम-२’ या अभ्यासात ६५ च्या पुढच्या अशाच बायका होत्या. १० वर्षांत त्याच स्तनात आजार परतला तो शेक घेतलेल्या शंभरातल्या जेमतेम एकीला, नुसत्या गोळीवाल्यांत साडेनऊ जणींना. जगण्यात मात्र फरक नाही. दोन्हीकडे १० वर्षांनी सुमारे ८१ टक्के हयात. धाकटा भाऊ म्हणाला, मग कशाला तिला मशीनखाली झोपवायचं? मलाही ते पटलं होतं. मे महिना, नागपूरचं ऊन, तीन आठवडे रोजची ने-आण.

ऑपरेशननंतर लेट्रोझोल, म्हणजे तीच हार्मोनची गोळी, सुरू झाली. महिन्याभराने देवघरातला पाट उचलला, तर खाली स्ट्रिपा. तीसपैकी तेरा गोळ्या तशाच. विचारलं तर आई म्हणे, “गोळी घेतली का सकाळी बोटंच वळत नाही. काहून खाऊ मंग?”

सांधे आखडणं हा या गोळीचा नेहमीचा त्रास, तिचं खोटं नव्हतं. पण ‘नुसती गोळी’ म्हणजे पाच वर्षं, रोज, न चुकता. त्या अभ्यासाचे आकडे गोळी चालू ठेवायची या हिशेबावर उभे आहेत. पाटाखालच्या गोळ्यांवर नाहीत.

शिवाय शेक आता पाच दिवसांतही होतो. ब्रिटनच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीचे २०२० चे निकाल आहेत: १५ वेळांऐवजी ५, आणि पाच वर्षांपर्यंत तेवढाच गुण. सगळीकडे देतीलच असं नाही. मानेवाड्याचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, जाल तिथे ‘पाच दिवसांचा बसेल का’ हे आधी विचारा. डावीकडची गाठ असेल तर हृदयाला किती लागेल, हेही.

अर्थात, जिची गोळी घड्याळासारखी चालते, किंवा हृदय-फुप्फुस आधीच थकलंय, तिने शेक टाळला तर मी नाही म्हणणार नाही. आणि शेक घेतला म्हणून गोळी सुटत नाही. शरीरात दुसरीकडे आजार उठू नये म्हणून ती हवीच. आईची फक्त बदलून दिली. अजूनही चुकते, आणि मी अजूनही मोजतो. पण पाच दिवसांचा शेकही घेतला. ते काम तिच्या रोजच्या गोळीवर अवलंबून नव्हतं, झालं ते झालं.

कातडी थोडी लालसर झाली, आठवडाभर थकवा राहिला. वेळ मिळाली होती दुपारी दीडची. डोक्याला ओला दुपट्टा बांधून न्यायचो. मशीनच्या खोलीतून बाहेर आली की म्हणायची, “आपल्या कूलरपेक्षा थंड आहे बाप्पा.”