रूट कॅनालनंतरही ठणका: पुन्हा करायचं, दाढ काढायची, की नसेकडे बघायचं?

रूट कॅनाल होऊन आठवडाच झालाय, चावताना कळ येते पण रोज थोडी कमी होतेय, तर घाई नको. मुळाभोवतीची सूज उतरायला वेळ लागतो. भरलेलं सिमेंट किंवा कॅप किंचित उंच राहिली असेल तर तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते. डॉक्टर कार्बन पेपर चाववून तेवढा उंचवटा घासून देतात आणि पाच मिनिटांत काम होतं. मात्र गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खरा पेच पुढचा. महिने उलटले, गोळ्या झाल्या, आता एक डॉक्टर म्हणतात ‘पुन्हा करू’, दुसरे म्हणतात ‘काढून टाका’.

पुन्हा रूट कॅनाल करण्यात अर्थ आहे तो जंतू आत राहिल्याचा पुरावा असेल तर: चावल्यावर नेमकी तीच दाढ दुखते, हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली वाढतेय. वरच्या पहिल्या दाढेत हे बऱ्याचदा घडतं. तिच्या मुळांत पुष्कळदा तीन नव्हे, चार नळ्या असतात आणि चौथी इतकी बारीक की मायक्रोस्कोपशिवाय हुकते. साध्या एक्स-रेत न दिसणारं पुष्कळसं सीबीसीटी स्कॅनमध्ये (दाताच्या थ्रीडी एक्स-रेत) दिसतं. पैसे पुन्हा जातात, कॅपही बहुतेक नवी लागते, पण दाढ आपली राहते. आधीचं काम चांगलं असूनही टोकाशी जंतुसंसर्ग उरला असेल, तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया हा मधला मार्ग. एक लक्षात ठेवा: सावली भरायला वर्षभरही लागू शकतं, त्यामुळे दुखणं थांबलं असेल तर तीन महिन्यांच्या एक्स-रेवरून निकाल लावू नका.

काढून टाकणं ऐकायला सोपं. मूळ उभं तडकलं असेल किंवा हिरडीवर दाताचा भागच उरला नसेल, तर तेच योग्य. तिथे पुन्हा रूट कॅनाल म्हणजे पैसे पाण्यात. पण काढल्यावर खर्च संपत नाही. ब्रिजसाठी (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागतात, इम्प्लांटला (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) काही महिने लागतात. काहीच बसवलं नाही तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात.

आणि दुखणं दाढेचं नसलंच तर? दाढ जाते, दुखणं राहतं, मग बोट पुढच्या दाढेकडे वळतं. असे एकामागून एक चांगले दात काढून बसलेले लोक आहेत, म्हणूनच माझ्या मते ही तिसरी शक्यता, म्हणजे नस किंवा दाढेबाहेरचं दुसरं कारण, कुठलाही दात काढण्याआधी तपासायला हवी. तोंड धुताना, ब्रश करताना, वाऱ्याची झुळूक लागताच विजेसारखी सणक येऊन काही सेकंदांत थांबते, तर तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, असू शकतो. तो सहसा पन्नाशीनंतर होतो. त्यावर पहिलं औषध कार्बामाझेपिन, तेही न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली. दुसरा प्रकार अधिक फसवा: एक्स-रे स्वच्छ, हिरडी ठीक, तरी दिवसभर मंद जळजळ. तिथे नसच चुकीचे संदेश पाठवत असते आणि उपचार गोळ्यांनी होतो, पकडीने नव्हे. जबड्याचे स्नायू (रात्री दात खाणाऱ्यांनी जरूर तपासावेत) आणि वरच्या दाढांच्या बाबतीत सायनस, हेही याच रांगेत. पण चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल, तर आधी हृदय तपासा.

ठरवायला एक साधी चाचणी मदत करते. दुखत असताना डॉक्टरांनी त्या दाढेला भूल दिली आणि दुखणं पूर्ण थांबलं, तर उगम तिथेच असण्याची शक्यता मोठी. दाढ बधिर होऊनही ठणका तसाच राहिला, तर उगम दुसरीकडे शोधायचा. हा शेवटचा शब्द नव्हे, न्यूराल्जियाची सणकही भुलीने तात्पुरती थांबू शकते. पण काढण्याचा निर्णय याशिवाय घेऊ नये.

दुसरं मत हवं असेल तर सगळे जुने एक्स-रे घेऊन एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे) जा आणि नसेची शंका असेल तर ओरल मेडिसिन (तोंडाचे आजार तपासणाऱ्या) विभागात. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात हे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत. नंबर लावायला सकाळी लवकर पोहोचा.