एआर-३ए की जेबीएल एल१००? जुने स्पीकर घेऊन घरी दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी

अर्धशतकापूर्वीच्या स्पीकरची जोडी घेऊन ती घरीच पुन्हा वाजती करायची असे ज्याने मनावर घेतले आहे, त्याच्यासमोर अमेरिकेतील जुन्या बाजारात दोन नावे हमखास येतात. एक अकूस्टिक रिसर्च या मॅसॅच्युसेट्समधील कंपनीचा १९६७ सालचा एआर-३ए आणि दुसरे लॉस एंजेलिसच्या जेबीएलचा १९७० सालचा एल१०० सेंच्युरी. दोन्ही तीन मार्गी (खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी वेगवेगळे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे घटक, असलेले), दोन्हींत बारा इंची वूफर (खालच्या स्वरांचा ड्रायव्हर), दोन्हींच्या पेट्या आकाराने जवळपास सारख्या आणि प्रत्येक पेटीचे वजन वीस किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. त्यामुळे निवड केवळ आवाजाच्या आवडीवर करावी असे वाटू शकते. माझ्या मते आवाजाचा विचार नंतरचा आहे. आपल्याला स्पीकर ऐकायचे आहेत की दुरुस्त करायचे आहेत, हे आधी ठरवावे, कारण काळाने या दोन पेट्यांमधील अगदी वेगवेगळे भाग खाल्ले आहेत.

एआर-३एची पेटी पूर्ण बंद असते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी हेन्री क्लॉस यांच्यासह सुरू केली, ती याच कल्पनेवर : वूफरचा शंकू मुद्दाम सैल टांगायचा आणि बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम करू द्यायचे. लहान पेटीतून खोल खर्ज मिळतो तो यामुळे. पण पेटीत कुठेही हवा गळू लागली की ही सारी रचनाच निकामी होते. सुरुवातीच्या वूफरला कापडी सराउंड (शंकूला फ्रेमशी जोडणारी लवचीक कड) होते आणि १९७० च्या आसपास फोमचे आले. कापडावरचा लेप वर्षानुवर्षांत सच्छिद्र होतो, तर पॉलियुरेथेन फोम हवेतील दमटपणाने कुजून बोटाला चिकट भुकटीसारखा लागतो. म्हणजे जोडी कोणत्याही वर्षाची असली तरी वूफरचे काम बहुधा निघतेच.

हे काम अवघड नाही, पण घाईचे मुळीच नाही. जुना फोम आणि त्याखालचा गोंद शंकूच्या कडेवरून खरवडून काढावा लागतो, आणि ही कड कागदाची असल्याने जोर लावला की फाटते. नवे सराउंड आधी शंकूला चिकटवून, ते वाळल्यावर मगच फ्रेमला चिकटवावे. या दुसऱ्या टप्प्यात शंकूला जोडलेली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत नेमकी मधोमध राहिली पाहिजे. त्यासाठी मधली टोपी कापून फटीत पातळ पट्ट्या घालण्याची एक रीत आहे. दुसऱ्या रीतीत टोपीला हात न लावता ॲम्प्लिफायरमधून सुमारे ३० हर्ट्झचा मंद स्वर वूफरला देतात आणि घासल्याचा आवाज बंद होईपर्यंत सराउंड हळूहळू सरकवतात. मला दुसरी बरी वाटते, कारण मूळ टोपी शाबूत राहते. कापडी सराउंड असेल तर ते बदलू नये. त्यासाठी मिळणारे लवचीक सीलंट पातळ थरात लावावे. हार्डवेअरच्या दुकानातील सिलिकॉन मात्र टाळावे, कारण त्याने कापड ताठ होते आणि नंतर ते काढताही येत नाही.

एल१०० च्या वूफरला यातले फारसे काही लागत नाही. त्याचे सराउंड लेप दिलेल्या कापडाचे, घड्याघड्यांचे असते आणि ते बहुतेकदा आजही ठणठणीत सापडते. स्टुडिओसाठी बनवलेल्या ४३१० या मॉनिटरची (ध्वनिमुद्रण तपासून ऐकायच्या स्पीकरची) ही घरगुती आवृत्ती असल्याने बांधणीही दणकट आहे. पेटीला हवेचे भोक आहे, त्यामुळे गळतीचा प्रश्न तितका नाजूक राहत नाही. कुजतो तो पुढचा चौकड्यांचा फोमचा जाळीपडदा, आणि तो नवा मिळतो.

क्रॉसओव्हरमध्येही, म्हणजे कोणते स्वर कोणत्या ड्रायव्हरकडे जायचे ते वाटणाऱ्या जोडणीतही, हाच फरक दिसतो. एल१०० चा वूफर थेट जोडलेला असतो. मधल्या आणि वरच्या ड्रायव्हरसाठी एकेक कपॅसिटर आणि आवाज कमीजास्त करायची एकेक कळ, एवढाच काय तो सरंजाम. कळा पुढच्या बाजूलाच असतात, आणि त्या खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून फिरवल्या की बहुधा काम भागते. एआर-३एमध्ये कॉइल आहेत, १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत, आणि त्याच्या दोन कळांवर तर हिरवा गंज हमखास चढलेला असतो. त्यांपर्यंत पोहोचायचे तर वूफर काढून ग्लासवूल बाहेर काढावे लागते (हातमोजे आणि मास्क घालूनच, आणि परत भरताना तेवढेच भरावे). मधला किंवा वरचा ड्रायव्हर मुका वाटला की पुष्कळजण तो जळाला असे समजतात, पण दोष बहुतेक वेळा या कळांचाच असतो. १५० मायक्रोफॅरडच्या जागी महागडे फिल्म कपॅसिटर बसवण्याचा सल्ला काहीजण देतात. चांगला नॉन-पोलर (धन-ऋण टोकांचा भेद नसलेला) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पुरेसा असताना तो खर्च मला अनाठायी वाटतो.

एआर-३एचा खरा धोका ट्वीटरमध्ये, म्हणजे वरच्या स्वरांच्या ड्रायव्हरमध्ये, आहे. पाऊण इंची घुमटाच्या तारा समोरून उघड्या आणि केसासारख्या बारीक असतात, आणि वयानुसार त्याचा आवाज खाली जातो. मूळ ट्वीटर सुस्थितीत सापडणे कठीण असून पर्यायी ट्वीटर बसवला की तो स्पीकर पूर्णपणे तोच राहत नाही. वूफर आपल्याला दुरुस्त करता येतो, ट्वीटर बहुधा नाही, म्हणून भाव ठरवताना ट्वीटरलाच सर्वाधिक महत्त्व द्यावे.

गंमत अशी की जिथे तपासणी अधिक हवी, तिथेच ती अवघड आहे. एल१०० चा पडदा ओढला की सुटतो. एआर-३एचा कापडी पडदा गोंदाच्या ठिपक्यांनी बसवलेला असतो आणि विकणारा तो उचकटू देईलच असे नाही. देत असेल तर वूफर बोटांनी सर्व बाजूंनी सारखा दाबून सोडावा : पेटी हवाबंद असेल तर तो संथपणे परत येतो, आणि गळत असेल तर चटकन. मल्टिमीटर सोबत असावाच. तो केवळ जोडणीच्या टोकांना लावून भागत नाही, कारण मधल्या व वरच्या ड्रायव्हरच्या वाटेत कपॅसिटर असतो. त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हर स्वतंत्र वाजवून ऐकावा. जेबीएलबाबत आणखी एक खूण लक्षात ठेवावी : त्या काळच्या त्यांच्या ड्रायव्हरमध्ये लाल टोकाला दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक लावले की शंकू बाहेर न येता आत जातो. हा दोष नव्हे, पण दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर बदली म्हणून घालणाऱ्याला याचा विसर पडला तर आवाज विचित्र होतो.

आता आवाज. एआर-३ए चार ओहमचा आणि भरपूर वॉट मागणारा. चार ओहमचा भार पेलणारा दमदार ॲम्प्लिफायर नसेल तर त्याचा विचारच करू नये. त्याचा स्वभाव शांत, खर्ज खोल आणि वरचा भाग थोडा मवाळ. बायाँचा घुमार आणि तंबोऱ्याचा भरणा यात त्याची बरोबरी एल१०० करत नाही. एल१०० आठ ओहमचा, थोड्या वॉटमध्ये मोठ्याने वाजणारा आणि आवाज समोर फेकणारा आहे. ढोलकी, पितळी वाद्ये, रॉक हे त्याचे क्षेत्र. हार्मोनियम आणि तीव्र आवाजाची गायकी मात्र लहान खोलीत कधी कधी अंगावर येते. एआर फळीवर भिंतीजवळ खुशाल ठेवता येतो.

मूळ जोडीचा भाव एल१०० ला सहसा चढा असतो, आणि तो जास्तीचा पैसा म्हणजे वाचलेले श्रम असे मी मानतो. आठवडाभराच्या संध्याकाळी सोल्डरिंग आणि गोंदकामात घालवण्यातच ज्याला रस आहे, त्याने एआर-३ए घ्यावा, पण दोन्ही पेट्यांतील मधले आणि वरचे मिळून चारही घुमट वाजत असतील तरच. ज्याला पुढच्या रविवारी तबकड्या ऐकायच्या आहेत, त्याने एल१०० घ्यावा. दुरुस्तीच नको असेल तर जेबीएलने २०१८ मध्ये जाहीर केलेली एल१०० क्लासिक ही नवी आवृत्ती आहे, पण तो वेगळ्या खिशाचा विषय झाला.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून ही जोडी पुण्या-मुंबईस आणवण्याचा बेत असेल तर वजन आधी पाहावे. एआर-३एची पेटी सुमारे २४ किलो भरते, म्हणजे विमानाच्या सामानाच्या नेहमीच्या २३ किलोच्या मर्यादेबाहेर. केवळ ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर आणून पेटी येथील सुताराकडून करवून घेता येते, आणि बंद पेटीच्या बाबतीत ते शक्यही आहे, मात्र आतले घनफळ मूळ पेटीइतकेच ठेवून आणि प्रत्येक सांधा हवाबंद करूनच. वूफर काढल्यावर पेटीच्या आतली मापे नातेवाइकांकडूनच घेऊन ठेवावीत.